पहारा माणसाचा की पेनड्राईव्हचा?

रिसोडकरांनो, पोस्ट मोठी आहे. शिव्या द्यायच्या असतील तर द्या, पण पूर्ण वाचून द्या.

मागच्या महिन्यातली गोष्ट. बीजेच्या सुमाराला आमच्या भागात अखंड हरिनाम सप्ताह होता. कोणतं देऊळ, कोणती कमिटी हे लिहीत नाही. भांडण कोण्या एका कमिटीशी नाही, आणि पुढं वाचाल तर कळेल, पहिला गुन्हेगार मीच आहे.

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. आई आजारी, दोन रात्री तिचा डोळा लागला नव्हता. शेजारची पोरगी दहावीची, सकाळी तिचा पेपर. आणि भोंगा फुल्ल आवाजात चालू. शेवटी डोकं फिरलं, चप्पल घातली आणि मंडपात गेलो. म्हटलं, जो कोणी पहाऱ्यावर असेल त्याला हात जोडून सांगू, "बाप्पा, आवाज जरासा कमी कर."

मंडपात कोणीच नव्हतं.

वीणा खांबाला सुतळीनं बांधून ठेवलेली. टाळ सतरंजीवर पडलेले. साउंडवाल्याचा पोरगा गादीवर गाढ झोपलेला. मिक्सरला पेनड्राईव्ह लावलेला आणि त्यातून एका नामवंत गायकाचा गजर चालू. अख्ख्या मोहल्ल्याला वाटत होतं, काय जोरात भजन चाललंय. नाम चालू होतं, नाम घेणारं कोणी नव्हतं.

रागारागात पहाऱ्याचा फळा पाहिला. म्हटलं, रात्री २ ते ४ कोण आहे ते तरी बघू. तिथं खडूनं लिहिलेलं नाव माझंच होतं.

वर्गणीच्या वेळी फोन आला होता, "दादा, पहाऱ्याले नाव लिहू काय तुमचं?" मी म्हणालो, "लिहा ना." त्यांनी लिहिलं, मी विसरलो. ज्या दोन तासांत मी घरी कूस बदलत भोंग्याला शिव्या देत होतो, ते दोन तास माझे होते. आईच्या आजारपणाचं कारण सांगून सुटता आलं असतं. पण आई ठणठणीत असती तरी मी गेलो नसतो, हे मला माहीत आहे आणि आता तुम्हालाही माहीत आहे.

घरी आलो, झोप लागली नाही. त्या रात्री मला वसई आठवली.

नोकरीच्या निमित्तानं मी काही वर्षं वसईत होतो, पालघर जिल्ह्यात. तिथला कॅथलिक समाज मराठी आहे, कित्येक पिढ्यांचा. घरात कादोडी नाहीतर वाडवळी बोलतात, मिस्सा मराठीत होते. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतले. आपला वाशिम जिल्हासुद्धा कॅथलिकांच्या हिशोबात अमरावती धर्मप्रांतात येतो, तो धर्मप्रांत १९५५ चा. पण आपल्यापैकी कितीजणांची कॅथलिक माणसाशी घरोब्याची ओळख आहे? म्हणून थोडं समजावून सांगतो.

मिस्सेत धर्मगुरू भाकर आणि द्राक्षारस अर्पण करतो. त्यानंतर त्या भाकरीत ख्रिस्त स्वतः हजर असतो अशी त्यांची श्रद्धा. ती पातळ पांढरी भाकर, सूर्याला किरणं असावीत तशा आकाराच्या सोनेरी पात्रात, काचेमागं ठेवून वेदीवर मांडतात आणि लोक समोर बसतात. याला पवित्र साक्रामेंताची आराधना म्हणतात. कधी तासभर, कधी रात्रभर, आणि जगात काही ठिकाणी बाराही महिने, रात्रंदिवस, आळीपाळीनं.

ही पद्धत जुनी आहे. सोळाव्या शतकात मिलानमध्ये चाळीस तासांची आराधना सुरू झाली. ख्रिस्ताचा देह कबरीत होता ते तास परंपरेनं चाळीस मोजतात, म्हणून चाळीस. १५९२ साली पोप क्लेमेंट आठवे यांनी रोममध्ये साखळीच बांधून दिली. एका चर्चचे चाळीस तास संपले की दुसऱ्याचे सुरू, मग तिसऱ्याचे, वर्षभर खंड नाही. अलीकडं २०१४ पासून पोप फ्रान्सिस यांनी उपवासकाळात 'प्रभूसाठी २४ तास' सुरू केले. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारपर्यंत चर्च उघडं आणि आराधना चालू.

अशाच एका रात्री माझा तिथला सहकारी म्हणाला, "माझा तास दोन ते तीन आहे. येतोस का?" केळीची वाडी सांभाळून नोकरी करणारा माणूस. मला खरं तर बघायची उत्सुकता होती, भक्तीबिक्ती काही नव्हती. गेलो.

दरवाजाजवळ भिंतीवर यादी लावलेली. तास, आणि तासापुढं वाडीचं नाव. अगदी आपला पहाऱ्याचा फळा. आत गेलो तर शांतता. माईक नाही, पेटी नाही. पंख्याचा आवाज तेवढा. सात-आठ माणसं बसलेली. जुन्या पद्धतीचं लाल लुगडं नेसलेली एक आजी, दोन कॉलेजची पोरं, एक बाई जिचं पोर मांडीवर झोपलेलं. निम्म्याहून जास्त बायाच. कोणी गुडघ्यावर, कोणी बाकावर. कोणी कोणाकडं बघत नव्हतं. पहिली दहा मिनिटं मला खूप जड गेली. मोबाईल काढावासा वाटला, काढला नाही. मग हळूहळू जमलं.

तीन वाजले. पुढच्या वाडीचं कोणी आलं नाही. आमच्यातले एकेक करून उठले, सकाळी कामं असतात सगळ्यांना. आजीला पोरांनी घरी नेलं. शेवटी मी आणि तो. मी खूण केली, चल. त्यानं मान हलवली, नाही. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. तीन चाळीसला दोन माणसं धापा टाकत आली, गाडी पंक्चर झाली होती म्हणे. ती दोघं गुडघ्यावर बसली, तेव्हाच हा उठला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "पुढचे आलेच नसते तर?"

"तर बसलो असतो."

"आणि तुला जमलंच नसतं तर?"

"तर फादरांना उठवलं असतं. ते भाकर परत आत, पेटीत ठेवून देतात. उघडं मांडून निघून जायचं नाही. घरी पाहुणा आला तर त्याला ओसरीवर एकटा बसवून तू झोपायला जातोस का?"

मला वाटलं होतं, हा याचा एकट्याचा हट्ट असेल. नंतर कळलं, तो नियमच आहे. २००४ साली रोमहून निघालेल्या सूचनेत साफ लिहिलंय की आराधनेसाठी मांडलेला साक्रामेंत क्षणभरही एकटा सोडायचा नाही, त्यासाठी माणसांच्या पाळ्या लावा. आणि १९७३ च्या विधीग्रंथात लांब चालणाऱ्या आराधनेबद्दल लिहिलंय की पुरेशी माणसं नसतील तर आधी जाहीर केलेल्या वेळी तो आत ठेवून द्या, दिवसातून जास्तीत जास्त दोनदा, जसं दुपारी आणि रात्री.

हे दोन्ही नियम नीट वाचा. नियम करावा लागला याचा अर्थ तिथंही लोक झोपतात, तिथंही रात्रीच्या यादीत जागा रिकाम्या राहतात. माणसं सगळीकडं सारखीच. फरक एवढाच की माणूस नसेल तर काय करायचं हे त्यांनी ठरवून ठेवलंय. थांबायचं. झाकून ठेवायचं. 'अखंड' हा शब्द वाचवण्यासाठी खोटं करायचं नाही.

आणि आपण काय करतो? पेनड्राईव्ह लावतो.

आता एक गोष्ट सांगा. आपण सगळे शेतीवाले. सोयाबीन असो की हरभरा, रानडुकरं आणि रोही पीक ठेवत नाहीत म्हणून रात्री जागलीला जावं लागतं. ज्याला जाणं होत नाही तो काय करतो? बॅटरीवरचा छोटा भोंगा आणतो, त्यात माणसाच्या ओरडण्याचा आवाज भरतो आणि धुऱ्यावर टांगून घरी येऊन झोपतो. डुकराला वाटतं, माणूस आहे. चार दिवस फसतं, पाचव्या दिवशी तेही फसत नाही. शेतात ठीक आहे, तिथं डुकराला फसवायचं असतं. मंडपात आपण कोणाला फसवतोय? देवाला? गावाला? की वर्गणी देणाऱ्याला?

माझे बाबा वीणेकरी होते. मोठे गवई नव्हते, आवाज सुद्धा बेताचा. पण रात्री दोन ते चारचा पहारा त्यांचा ठरलेला, कारण तो कोणी घेत नसे. खांद्यावर घोंगडी, गळ्यात वीणा, उभे. सोबत दोन टाळकरी असले तर असले. तोंडातल्या तोंडात राम कृष्ण हरी चालू. पुढचा माणूस आला की त्याच्या पाया पडायचे, तो यांच्या पाया पडायचा, मग वीणा त्याच्या गळ्यात. वीणा खाली टेकली नाही पाहिजे, एवढा एकच नियम त्यांना माहीत होता. आवाज किती लांब जातो हे त्यांनी कधी विचारलं नाही. रात्री मंडपाच्या बाहेर वीस पावलांवर काही ऐकू येत नसे. तरी सकाळी काकड्याला येणाऱ्या बायांना माहीत असायचं, रात्री कोण उभं होतं ते. त्या येऊन आधी त्यांच्या पाया पडायच्या.

त्यांच्या वीणेला सुतळी बांधलेली मी पाहिली. त्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहितोय.

आता कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. एकेक घेतो.

एक. "तुम्हाला फक्त आपल्याच देवाचा आवाज दिसतो. त्यांच्या भोंग्याबद्दल बोला आधी." भाऊ, कायदा सगळ्यांना एकच आहे. २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम सांगतात, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर नाही. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सणासुदीला राज्य सरकार सूट देऊ शकतं, ती वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस आणि तीही रात्री १२ पर्यंत. रात्री पावणेतीनची सूट कोणालाच नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं पुन्हा सांगितलं, लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. कोणत्याही म्हणजे कोणत्याही. दुसऱ्याच्या घराबद्दल तक्रार असेल तर ती पोलीस स्टेशनला करा, मी सही करतो. पण आपल्या मंडपात कोणी नसतं, हे काही त्यांच्यामुळं झालेलं नाही. ते आपल्यामुळं झालंय.

दोन. "ख्रिश्चनांचं लय कौतुक चाललंय, धर्म बदलला काय?" माझ्या गळ्यात माळ आहे, एकादशी मोडत नाही. त्या भाकरीवर माझी श्रद्धा नाही आणि तशी असल्याचं सोंगही मी त्या रात्री केलं नाही. सगळ्यांनी वाकून नमस्कार केला तेव्हा मी आपला हात जोडून उभा राहिलो, त्यावर कोणी काही म्हटलं नाही. आणि तिथं सगळं गुळगुळीत आहे असंही नाही. वसईतल्या लग्नाचा बँड ज्यानं रात्री ऐकलाय तो मला शांततेचं सर्टिफिकेट देऊ देणार नाही. पण शेजाऱ्याच्या वावरात चांगलं बी दिसलं तर आपण मागून आणतो ना? तेव्हा त्याची जात-धर्म विचारतो का?

तीन. "भोंगा नसेल तर गावाला कळणार कसं की सप्ताह आहे?" कमान आहे, बॅनर आहे, पंगतीचा वास आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसातून दहा वेळा पत्रिका येते. संध्याकाळचं कीर्तन हजार माणूस ऐकतं, त्याला माईक लागतोच, लावा. हरिपाठाला लावा. माझं म्हणणं रात्री १० नंतरच्या पहाऱ्याबद्दल आहे. तो गावाला ऐकवण्यासाठी नसतोच. गाव झोपलेलं असताना गावाच्या वतीनं एक माणूस जागा आहे, हा त्याचा अर्थ. गावाला जागं करून तो अर्थच राहत नाही.

चार. हा आक्षेप आपल्या शिकलेल्या पोरांचा. "रात्रभर बसून काय होते? तेवढ्या वेळात दवाखान्यात सेवा करा, रक्तदान करा." हे मीही एके काळी बोलायचो, आणि वसईत त्या सहकाऱ्यालाही बोललो होतो. तो हसला. म्हणाला, मदर तेरेसांचं नाव ऐकलंयस ना? त्यांच्या संघात १९७३ पासून रोज एक तास आराधनेचा असतो. रस्त्यावरच्या मरणाऱ्या माणसाला उचलणाऱ्या बाया, कामाचा डोंगर, आणि तरी रोज तासभर गप्प बसतात. १९६४ साली मुंबईत साक्रामेंताच्या नावानं जागतिक परिषद भरली होती, ओव्हल मैदानावर. पोप पॉल सहावे आले होते. भारतात आलेले ते पहिले पोप. जाताना त्यांनी आपली गाडी मदर तेरेसांना देऊन टाकली, आणि मदरनं तिची सोडत काढून तो पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. बसणारे आणि राबणारे असे दोन वेगळे गट असतात हे आपल्या डोक्यातलं आहे.

आणि माझा अनुभव विचाराल तर ज्याला मध्यरात्री दोन वाजता कोणी बघत नसताना, कोणी टाळ्या वाजवत नसताना, तासभर एका जागी थांबता येतं, तोच माणूस दवाखान्यात पेशंटजवळ रात्र काढतो. बाबा तसे होते. गावात कोणाचं ऑपरेशन असलं की अकोल्याला सोबत जायला पहिला निरोप त्यांनाच. कारण सगळ्यांना माहीत होतं, हा माणूस झोपणार नाही. आज आपल्याकडं पेशंटला भेटायला वीस जण येतात, फोटो काढतात, आणि रात्री थांबायची वेळ आली की सगळ्यांना सकाळी काम असतं. मंडपात पेनड्राईव्ह आला आणि खाटेजवळ कोणी थांबेना, या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत.

पाच. "पहाऱ्याला माणसंच मिळत नाहीत, कमिटीनं काय करावं?" हा प्रश्न खरा आहे, आणि कमिटीतली पोरं मेहनत करतात हेही खरं आहे. आठ दिवस त्यांच्या घरच्यांना त्यांचं तोंड दिसत नाही. म्हणून नुसतं बोलून मोकळा होत नाही, चार गोष्टी मागतो.

पहिली, रात्री १० ते काकड्यापर्यंत बाहेरचे भोंगे बंद. वीणा, टाळ आणि माणसाचा आवाज, एवढंच. जेवढं जाईल तेवढं जाईल.

दुसरी, यादीत नाव लिहिताना एका पहाऱ्याला दोन माणसं आणि समोर मोबाईल नंबर. फोनवर "लिहा ना" म्हणणाऱ्याचं नाव लिहू नका. माझ्यासारख्यांचं तर मुळीच नाही. आधल्या दिवशी संध्याकाळी त्यानं मंडपात येऊन स्वतःच्या हातानं लिहिलं पाहिजे.

तिसरी, दिवसाचे पहारे बायांना उघडपणे द्या. बऱ्याच गावांत देतात, आपल्याकडं अजून "बघू" चालू आहे. दिवस बायांनी सांभाळला तर रात्रीला पुरुष उरतील. स्वयंपाकाला, सडा-रांगोळीला आणि ग्रंथ डोक्यावर घेऊन मिरवायला बाया चालतात, वीणेला का नाही?

चौथी गोष्ट सगळ्यात कडू आहे. एवढं करूनही रात्रीचा एखादा पहारा रिकामा राहिला, तर वीणा देवापुढं ठेवा, नमस्कार करा आणि थांबा. फळ्यावर लिहा, "रात्री २ ते ४ माणूस मिळाला नाही." सकाळी अख्खं गाव वाचेल. लाज वाटेल. वाटू द्या. त्या लाजेनं पुढच्या रात्री चार माणसं येतील. पेनड्राईव्हनं ती लाजच झाकली जाते, म्हणून माझा त्याला विरोध आहे.

मला माहीत आहे, हे ऐकून जुनी माणसं म्हणतील, "अरे, सप्ताह खंडित करायला सांगतोस?" काका, हात जोडून सांगतो, तो आधीच खंडित झालाय. त्या रात्री तीन वाजता मी डोळ्यांनी पाहिला. फक्त कोणाला ऐकू आलं नाही, कारण भोंगा चालू होता.

त्या रात्री पुढं काय झालं तेही सांगतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल, आला आणि फोटो काढून गेला. मी साउंडवाल्या पोराला उठवलं नाही. मिक्सरचं बटण बंद केलं. वीणेची सुतळी सोडली. वाजवता नीट येत नाही, बाबांनी शिकवायचा प्रयत्न केला होता, मी शिकलो नव्हतो. गळ्यात घातली आणि उभा राहिलो. सव्वातीन ते चार, पाऊण तास. पाय दुखले. मनात राम कृष्ण हरी कमी आणि आईची औषधं, बँकेचा हप्ता हेच जास्त चालू होतं. चारला कोणी आलं नाही. सव्वाचारला एक म्हातारे गृहस्थ काकड्याच्या तयारीला आले. त्यांनी आधी भोंग्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. काही बोलले नाहीत. पाया पडले, मी त्यांच्या पडलो, वीणा दिली.

घरी आलो तर आई झोपली होती.

पुढच्या सप्ताहात २ ते ४ माझा. फळ्यावर स्वतः येऊन लिहीन. सोबत एक माणूस पाहिजे. कोण येतं ते कमेंटमध्ये सांगा. नुसता अंगठा दाबून जाऊ नका.

राम कृष्ण हरी.